फॉरमॅट मारल्यावर विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट करा' म्हणते तेव्हा

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. "अरे, स्क्रीनवर खाली उजवीकडे कसली तरी फिकट अक्षरं आलीत. मी काहीच केलं नाही हं." हे 'मी काहीच केलं नाही' ऐकलं की समजायचं, आठवड्याभरात लॅपटॉप कुणाकडे तरी जाऊन आलाय. तसंच निघालं. लॅपटॉप फार मंद चालतो म्हणून तिने घराजवळच्या दुकानात नेला, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली, आणि दुकानदाराने 'नवीन विंडोज टाकून' दिली. लॅपटॉप पळायला लागला. फक्त कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' उमटलं. ती परत दुकानात गेली तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमची विंडोज ओरिजनल नव्हतीच. नवीन की घ्या, नाहीतर मी क्रॅक मारून देतो." (की म्हणजे परवान्याचा कोड, आणि क्रॅक म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालवायची चोरवाट.)

विंडोज ओरिजनल होती. लॅपटॉप घेताना मी बरोबर होतो, आणि बिलावर 'विंडोज ११ होम एसएल' असं छापलेलं होतं. होम आणि प्रो या विंडोजच्या दोन वेगळ्या आवृत्त्या. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमध्ये मात्र फक्त 'प्रो' होती. त्याने होमच्या मशीनवर प्रो टाकली आणि एकदा पैसे भरून झालेली वस्तू पुन्हा विकत घ्यायला सांगितली.

माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत की हरवलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा परवाना जागेवर शाबूत असतो, आणि आपण त्याच्यासमोर चुकीची विंडोज नेऊन उभी केलेली असते. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे की शोधत इंटरनेटवर फिरू नका. आपला परवाना कुठल्या प्रकारचा आणि कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी शोधा.

आणि घाईही करू नका. अ‍ॅक्टिव्हेट न झालेली, म्हणजे परवान्याची खात्री न पटलेली विंडोज बंद पडत नाही. फाइली उघडतात, ब्राउझर चालतो, सुरक्षेचे अपडेटही येतात. सेटिंग्जमधून वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत, आणि कोपऱ्यातली ती अक्षरं डोळ्यात खुपतात. दोन दिवस शांतपणे विचार करायला हरकत नाही.

परवाना राहतो कुठे

पूर्वी लॅपटॉपच्या पोटाखाली स्टिकर असायचा आणि त्यावर २५ अक्षरांची की. विंडोज ७ पर्यंत तसंच होतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या ती की थेट मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये भरून पाठवायला लागल्या. आपण ज्याला सवयीने बायोस म्हणतो तिथेच ती असते. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट मारा, डिस्क फेकून द्या, की तिथेच राहते. विंडोज टाकताना इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो. मावशीच्या लॅपटॉपचा परवाना हा असा होता.

दुसरा प्रकार डिजिटल लायसन्सचा. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये हा आला. यात तुमच्या मशीनच्या हार्डवेअरची एक ओळख तयार होते आणि 'या मशीनवर अमुक आवृत्तीला परवानगी आहे' अशी नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. ज्यांनी विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट विंडोज १० वर उडी मारली, त्यांचा परवाना या जातीचा. या ओळखीत सगळ्यात वजन मदरबोर्डला. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड बदललं तरी सहसा काही बिघडत नाही.

तिसरा प्रकार, वेगळी विकत घेतलेली रिटेल की. खोक्यात किंवा ईमेलवर येते. महाग असते, पण जुन्या मशीनवरून काढून नव्या मशीनवर नेता येते. फर्मवेअरमधली की तशी नेता येत नाही. ती ज्या मशीनबरोबर आली त्याच्याबरोबरच जाते.

चौथा प्रकार कंपन्या आणि कॉलेजांचा, एकगठ्ठा परवाना. यात मशीन कंपनीच्या स्वतःच्या केएमएस सर्व्हरकडे, म्हणजे परवाने सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे, जाऊन हजेरी लावतं. ती हजेरी १८० दिवस चालते आणि मशीन ऑफिसच्या नेटवर्कवर असेल तर आपोआप पुढे ढकलली जाते. नेटवर्क सुटलं की सहा महिन्यांत संपते. ऑफिसातून निघालेले जुने लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा किस्सा येतोच.

पुसण्याआधीची वीस मिनिटं

तुमच्या मशीनवर अजून फॉरमॅट मारलेला नसेल तर तुम्ही नशीबवान. पुढचं सगळं आत्ताच करून घ्या. मी हे लोकांना फोनवर सांगतो, तसंच इथे लिहितो.

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. डावीकडे खाली छोटी चौकट उघडेल. त्यात इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं सलग लिहा. एक जागा सोडा. मग तिरकी रेघ, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती, आणि तिला चिकटून डी-एल-आय. एंटर मारा. काही सेकंद काहीच होणार नाही, पुन्हा पुन्हा एंटर मारू नका. मग एक राखाडी खिडकी येईल. तिचा मोबाइलवर फोटो काढा.

त्या खिडकीत चार ओळी बघायच्या. पहिली नावाची: 'कोअर' लिहिलं असेल तर तुमची आवृत्ती होम, 'कोअर सिंगल लँग्वेज' असेल तर होम सिंगल लँग्वेज, 'प्रोफेशनल' असेल तर प्रो. भारतात दुकानातून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा सिंगल लँग्वेजच निघते. बिलावरच्या 'एसएल'चा अर्थ तोच. होम आणि होम सिंगल लँग्वेज हे परवान्याच्या दृष्टीने दोन वेगळे प्राणी आहेत, हे दुकानदारही विसरतात.

दुसरी ओळ वर्णनाची. तिच्यात 'ओईएम डीएम चॅनल' दिसलं तर की फर्मवेअरमध्ये आहे, निर्धास्त व्हा. 'रिटेल चॅनल' म्हणजे विकत घेतलेली की किंवा डिजिटल लायसन्स. 'व्हॉल्यूम' हा शब्द दिसला तर मशीन कधी तरी ऑफिसात होतं, किंवा कुणीतरी क्रॅक मारलेला आहे.

तिसरी ओळ, कीची शेवटची पाच अक्षरं. इथे एक गंमत आहे. प्रो असलेल्या मशीनवर शेवटची अक्षरं ३व्ही६६टी, होमवर ८एचव्हीएक्स७, सिंगल लँग्वेजवर ६एफ४बीटी अशी दिसली, तर ती तुमची की नव्हेच. डिजिटल लायसन्स असलेल्या सगळ्या जगातल्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट हीच सामाईक की बसवते. खरा परवाना सर्व्हरवरच्या नोंदीत असतो. लोक 'की शोधून देणारी' सॉफ्टवेअर उतरवतात, त्यातून निघालेली ही सामाईक की डायरीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतात, आणि फॉरमॅटनंतर ती चालत नाही म्हणून हैराण होतात. ती एकट्याने अ‍ॅक्टिव्हेट करायला केलेलीच नाही.

चौथी ओळ परवान्याच्या स्थितीची. 'लायसन्स्ड' हवं.

आता तीच आज्ञा पुन्हा, फक्त शेवटी डी-एल-आय ऐवजी एक्स-पी-आर. 'परमनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड' आलं तर परवाना कायमचा. एखादी तारीख आली, तर तो केएमएसचा आहे आणि त्या तारखेला संपणार.

पुढचं काम अकाउंटचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे 'डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असं वाक्य आहे का बघा. नुसतं 'डिजिटल लायसन्स' एवढंच असेल तर त्याच पानावरून अकाउंट जोडून घ्या. उद्या मदरबोर्ड गेला तर याच जोडणीवर भिस्त असणार. जोडताना मशीनला ओळखू येईल असं नाव द्या. विंडोज स्वतःहून 'डेस्कटॉप' आणि पुढे सात निरर्थक अक्षरं असं नाव ठेवते. घरात तीन मशीन असली की यादीत तीन डेस्कटॉप दिसतात आणि कुठलं कुणाचं कळत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन रिनेम करा. मावशीचं मी 'मावशी-हॉल' ठेवलंय, कारण ते हॉलमध्येच असतं.

बिटलॉकर विसरू नका. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हलवलं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबपानावर, डिव्हाइसच्या माहितीत ती असते. कागदावर उतरवा. परवाना परत मिळतो, पण ही की नसेल तर फोटो परत मिळत नाहीत.

विंडोज टाकताना

आधी विचारतो, पेनड्राइव्ह लागणारच आहे का? डिस्क तीच असेल आणि विंडोज सुरू होत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये 'रिसेट धिस पीसी' आहे. त्याने आहे तीच आवृत्ती पुन्हा बसते, अ‍ॅक्टिव्हेशनला धक्का लागत नाही. आणि डिस्क बदलायची असेल तर जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे क्लोन, नव्या एसएसडीवर करून द्यायला दुकानदाराला सांगा. वेळ जास्त लागतो म्हणून बरेच जण टाळतात, पण तुमची विंडोज, ऑफिस, प्रिंटर, सगळं जागच्या जागी राहतं.

कोरी विंडोजच टाकायची असेल तर पेनड्राइव्ह स्वतः बनवा. किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल. हे फुकट आहे. परवाना वेगळा, विंडोजची फाइल वेगळी. दुकानातला 'सगळ्या मशीनला चालणारा' पेनड्राइव्ह नको, त्यात काय कालवलेलं आहे कुणाला ठाऊक.

इन्स्टॉलर सुरू झाल्यावर की मागेल. फर्मवेअरची की किंवा डिजिटल लायसन्स असेल तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा. हे वाचून लोक कचरतात, आपण काहीतरी खोटं सांगतोय असं वाटतं. काही खोटं नाही. तुमच्याकडे टाइप करायची की नाही, एवढंच सांगताय.

मग बघा, तो आवृत्ती विचारतो का. फर्मवेअरमध्ये की असेल तर बहुधा विचारतच नाही, की वाचून स्वतःच योग्य आवृत्ती घेतो. विचारलं तर मोबाइलमधला तो फोटो उघडा आणि तिथे होती तीच निवडा. 'प्रो बरी, जास्त फीचर असतात' असा मोह इथेच होतो. अर्ध्या अडचणी या एका क्लिकमधून जन्मतात.

आता टाकून झाली, आणि अक्षरं आलीच

आधी नेट. कोऱ्या विंडोजला कधी कधी वायफायचा ड्रायव्हर सापडत नाही आणि नेटशिवाय अ‍ॅक्टिव्हेशन होणार कसं? फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोनला यासाठी सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. नेट आल्यावर दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, एकदा रीस्टार्ट करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

मग घड्याळ. हसू नका. एका ओळखीच्या काकांचा जुना डेस्कटॉप तीन वेळा फॉरमॅट होऊन माझ्याकडे आला. तिसऱ्यांदा मी उजव्या कोपऱ्यात पाहिलं, तर तारीख कितीतरी वर्षं मागची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. वीज गेली की तारीख मागे जायची, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी व्हायची नाही, आणि कोड यायचा ८००७२एफ८एफ. सेल बदलला, तारीख आणि वेळ सिंक केली, टाइम झोन भारताचा आहे ना बघितला, आणि अक्षरं गेली. तीन फॉरमॅटचे पैसे काकांनी आधीच देऊन टाकले होते.

त्यानंतर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन कोड वाचा. सगळे कोड 'शून्य एक्स'ने सुरू होतात, ते सोडून पुढचं लिहितो.

८०३एफ७००१: या मशीनसाठी परवाना सापडला नाही. एक तर आवृत्ती चुकली, किंवा मदरबोर्ड बदलला. आधी आवृत्ती तपासा.

सी००४एफ२११: हार्डवेअर बदललंय असं विंडोजचं म्हणणं. मदरबोर्डच्या भागात याचा उपाय आहे.

सी००४सी००३: की ब्लॉक केलेली आहे. स्वस्तात घेतलेली की असेल तर पैसे गेले समजा. फुकट अपग्रेड केलेल्या जुन्या मशीनवरही हा कोड दिसतो. तिथे आवृत्ती नीट आहे ना ते पाहून अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर चालवा.

सी००४सी००८: तीच की दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. रिटेल की असेल तर जुन्या मशीनवरून ती काढा. तिथे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडायचं आणि मघाचीच आज्ञा, शेवटी यू-पी-के.

सी००४एफ०७४: मशीन केएमएस सर्व्हर शोधतंय. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांना गाठा. घरचा असेल तर पूर्वी कुणीतरी क्रॅक मारल्याची ही खूण.

आवृत्ती चुकली असेल तर

दोन दिशा आहेत आणि दोन्ही सारख्या सोप्या नाहीत.

होमवरून प्रोवर जाणं सोपं. समजा लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये होम आहे आणि तुम्ही प्रोची रिटेल की विकत घेतलीत. इन्स्टॉलर तुम्हाला न विचारता होम टाकेल, कारण त्याने फर्मवेअर वाचलं. वैतागू नका. विंडोज सुरू झाल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'चेंज प्रॉडक्ट की' दाबा आणि प्रोची की टाका. अडलंच तर नेट बंद करून आधी ती ३व्ही६६टीने संपणारी सामाईक की टाका. मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानांवर ती पूर्ण छापलेली आहे. तिने आवृत्ती बदलून प्रो होते. रीस्टार्ट झाल्यावर नेट चालू करा आणि तुमची खरी की टाका.

प्रोवरून होमवर उतरणं मात्र तसं होत नाही. की बदलून जमत नाही, पुन्हा कोरी विंडोज टाकावी लागते. मावशीचं हेच झालं होतं. मी तिच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, माझ्या पेनड्राइव्हने मशीन सुरू केलं, 'की नाही' म्हटलं. इन्स्टॉलरने आवृत्ती विचारली नाही, तेव्हाच मला हायसं वाटलं. पाऊण तासाने डेस्कटॉप आला, वायफाय जोडलं, मावशीने पोहे आणून ठेवले. ताटली संपवून पाहिलं तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर हिरवी बरोबरची खूण.

सिंगल लँग्वेजबद्दल एक जाता जाता. विंडोजचे मेनू मराठीत करायचे असतील तर या आवृत्तीत ते होत नाही. एका भाषेचाच परवाना असतो. मराठी टाइप करायला मात्र काहीच आडकाठी नाही. कीबोर्ड हवा तो जोडा.

मदरबोर्ड बदलला असेल तर

डिजिटल लायसन्स अकाउंटला जोडलेलं असेल तर: त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने अ‍ॅडमिन म्हणून साइन इन करा. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट, मग 'आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली'. अकाउंटचा पासवर्ड द्या. मशीनची यादी येईल. त्यातलं जुनं नाव निवडून 'हेच मशीन मी आत्ता वापरतोय' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करा, आणि अ‍ॅक्टिव्हेट. मघाशी नाव बदलायला सांगितलं ते या यादीसाठी. आवृत्ती जुळत नसेल तर इथेही नकार येतो, आणि अशी हलवाहलव कितीही वेळा करता येत नाही, तिला मर्यादा आहे.

लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला असेल, तर नव्या बोर्डवर विंडोजची की भरून देणं हे त्यांचं काम आहे. मशीन ताब्यात घेताना काउंटरवरच सुरू करा, नेटला जोडा आणि अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडून बघा. घरी आणल्यावर कळलं तर पुन्हा टोकन, पुन्हा रांग.

वॉरंटी संपल्यावर बाहेरून वापरलेला बोर्ड टाकून घेतला असेल तर चित्र वेगळं. मूळ बोर्डबरोबर तुमचा परवानाही गेला. गंमत म्हणजे त्या वापरलेल्या बोर्डच्या फर्मवेअरमध्ये आधीच्या मशीनची की असू शकते, आणि मग इन्स्टॉलर भलतीच आवृत्ती घेतो.

ऑफिसातून निघालेले लॅपटॉप

मुलीच्या कॉलेजसाठी एका स्नेह्यांनी वापरलेला लॅपटॉप घेतला. दणकट, कीबोर्ड उत्तम, किंमत निम्म्याहून कमी. पाच-सहा महिन्यांनी कोपऱ्यात अक्षरं. मी एक्स-पी-आर चालवलं तर मुदत संपलेली, डी-एल-आयमध्ये 'एंटरप्राइज' आणि 'व्हॉल्यूम'. ज्या कंपनीतून मशीन निघालं तिची विंडोज विकणाऱ्याने तशीच ठेवली होती, हजेरीचे १८० दिवस संपले.

असं दिसलं की निराश होण्याआधी एक करून बघा. व्यावसायिक लॅपटॉप कारखान्यातून निघतानाच अनेकदा प्रोची की फर्मवेअरमध्ये घेऊन येतात. कंपनी नंतर त्यावर आपली एंटरप्राइज टाकते. मीडिया क्रिएशन टूलच्या पेनड्राइव्हने कोरी विंडोज टाकली, तर खालची प्रो वर येते. त्या मुलीच्या लॅपटॉपवर तसंच झालं, एक रुपया लागला नाही. घेतानाच विक्रेत्यासमोर एक्स-पी-आर चालवून बघा. तारीख दिसली तर भाव करा.

जुना स्टिकर

विंडोज ७ च्या स्टिकरवरची की टाकून विंडोज १० किंवा ११ चालू व्हायची, ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. त्याआधी त्या मशीनवर एकदा अपग्रेड झालेलं असेल तर डिजिटल लायसन्स अजून चालतं, स्टिकरची गरजच नाही. विंडोज १० च्या परवान्यावर त्याच आवृत्तीची विंडोज ११ चालते, मशीन ११ च्या अटीत बसत असेल तर. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्याने टाकायचीच असेल तर ११ चा विचार आधी करा.

पुसट स्टिकर किंवा खरडलेली की वाचायची वेळ आलीच तर एक युक्ती. विंडोजच्या कीमध्ये इंग्रजी स्वर नसतात. एल, एस आणि झेड नसतात. आकड्यांत ०, १ आणि ५ नसतात. म्हणजे तुम्हाला ओ दिसला तर तो क्यू किंवा डी आहे, एस किंवा ५ वाटलं तर बहुधा ६, ८ किंवा जी. बी आणि ८ मात्र दोन्ही असतात, तिथे भिंग घ्या.

दोन-तीनशे रुपयांची की

ऑनलाइन सगळीकडे मिळते, 'लाइफटाइम' असं लिहिलेलं असतं. अशा किमतीला मिळणारी की बऱ्याचदा कुठल्या तरी संस्थेच्या एकगठ्ठा परवान्यातली असते. आज चालते, काही महिन्यांनी तिचा गैरवापर लक्षात आला की ब्लॉक होते, आणि सी००४सी००३ येतो. तोवर विकणारा नाव बदलून बसलेला असतो.

क्रॅकचं तर विचारूच नका. तो लॅपटॉपमध्येच खोटा केएमएस सर्व्हर उभा करतो किंवा बाहेरच्या कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरला मशीन जोडतो. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेत पैसे भरता, त्याचा राखणदार बाजूला करून अनोळखी माणसाला अ‍ॅडमिनचे हक्क द्यायचे, तेही कोपऱ्यातल्या दोन ओळी घालवायला! मावशीने नाही म्हटलं, ते बरं केलं.

आणि ऑफिस

विंडोज मिटलं की चार दिवसांनी दुसरा फोन येतो, वर्ड पैसे मागतंय. लॅपटॉपबरोबर ऑफिस होम अँड स्टुडंट आलेलं असेल, तर त्याचा परवाना पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं त्याला जोडला जातो. तेच अकाउंट लागतं. वेबवर त्या अकाउंटमध्ये जा, सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्समध्ये ऑफिसचं नाव दिसेल, तिथूनच इन्स्टॉल करा. दुकानदाराने स्वतःच्या किंवा एखाद्या बनवलेल्या ईमेलने सुरू करून दिलं असेल तर आधी तो ईमेल त्याच्याकडून मागून घ्या.

मावशीचं अकाउंट माझ्या मावसभावाच्या जुन्या मोबाइल नंबरवर निघालं. तो नंबर त्याने अजून चालू ठेवलाय म्हणून बरं. ओटीपी आला, वर्ड उघडलं. नंबर बदलून मावशीचा टाकला, आणि तिने पासवर्ड गॅसच्या वहीत, सिलिंडरच्या तारखांखाली लिहून घेतला.